नात्यातली केस

त्या वर्षी कालव्याला पाणी सुटलंच नाही आणि ताईच्या गोठ्यातली ओली वैरण बघता बघता संपली. ताईचा नवरा उजाडायच्या आत टेम्पो घेऊन बाहेर पडायचा आणि लांबलांबच्या मळ्यांतून उसाचे वाढे, मक्याची ताटं, जे हाती लागेल ते भरून आणायचा. माल वाळून करवतीसारखा झालेला. गाई हुंगायच्या आणि तोंड फिरवायच्या. सगळं मशीनवर बारीक कुट्टी करूनच घालावं लागे, आणि वीज यायची ती पाहुण्यासारखी, थोडा वेळ आणि न सांगता. मोटरवरचा दिवा लागला की घरात जो असेल तो हातातलं काम टाकून कडबाकुट्टीकडे पळायचा. गोठ्यावरचा गडी काम सोडून गेला होता. सासरे अंथरुणाला खिळलेले. नवरा टेम्पोवर, ताई गाईंच्या धारांना बसलेली. मग मशीनकडे पळणारे हात कुणाचे, हे ताईच्या पाठच्या बहिणीने, धाकटीने, स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

धाकटीचं आपलं बरं चाललं होतं. ती समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या विद्यापीठाने बालकल्याण कार्यालयाशी करार केला होता. विद्यार्थ्यांनी आठवड्यातले काही दिवस कार्यालयात प्रत्यक्ष काम करायचं, कार्यालयाने त्यांना तयार करायचं आणि जे टिकतील त्यांना पुढे नोकरीत घ्यायचं. या कामाला माणसं मिळत नव्हती, मिळाली तर पळून जात होती, म्हणून तिच्या विभागातल्या सरांनी दोन्हीकडचे उंबरे झिजवून हा करार जुळवून आणला होता. आई मात्र सगळीकडे सांगत सुटली होती की आमची धाकटी साहेबीण झाली.

कार्यालयात ती मोठ्या बाईंच्या हाताखाली होती. मोठ्या बाई गुडघ्याने अधू, आवाजाने हळू. घरात शिरल्यावर आधी मुलं कुठे झोपतात ते बघावं, पाणी दिलं तर नाही म्हणू नये, आणि मुलाला जो जेवायला घालतो त्याच्यासमोर मुलाला काही विचारू नये, हे त्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. धाकटी ते पाठ म्हणून दाखवू शकली असती.

त्या दिवशी दुपारी कार्यालयात फोन वाजला. मोठ्या बाईंना ऐकलेलं पुन्हा मोठ्याने म्हणत लिहायची सवय होती. शाळेतून फोन होता. मुलगी चौथीतली, बरेच दिवस गैरहजर. मधे एकदा आली तेव्हा उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, जवळ गेलं की वास यायचा. हात बघू दिला नाही, त्यानंतर आलीच नाही. घर कालव्यापलीकडे, गोठेवाल्यांचं.

धाकटीने मान वर केली. कालव्यापलीकडे गोठेवाले म्हणावेत असं एकच घर होतं, ताईचं.

सर वर्गात बजावून सांगायचे की ओळखीचं घर निघालं तर त्या क्षणी सांगून मोकळं व्हा, चहा पिऊन सांगितलंत तरी उशीर झाला. धाकटीने तोंड उघडलं आणि नेमका तेव्हाच शिपाई चहाचे कप घेऊन आत आला. कप ठेवले गेले, एक सांडला, पुसला गेला. तेवढ्यात मोठ्या बाई म्हणाल्या की आज गाडी दुसरीकडे गेली आहे, उद्या सकाळी पहिलं हेच. तूही चल, बोलायचं काही नाही, नुसतं बघायचं. धाकटी बरं म्हणाली. चहा प्यायला नाही, पण उशीर झालाच.

वाटेत तिने स्वतःची समजूत घातली की आपण आधी डोळ्यांनी बघून येऊ. शाळेतल्या बाईंचा गैरसमज असेल. पोरीला खरचटलं असेल. मग उद्या सकाळी मोठ्या बाईंना सगळं नीट सांगता येईल. ती कार्यालयातून सुटली ती घरी न जाता थेट ताईकडे गेली.

ऊन अजून उतरायचं होतं. वीज नुकतीच आली असावी, कारण मशीनचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. ताई मशीनमध्ये वैरण घालत होती. तिने बहिणीला पाहिलं, आणि ये म्हणायच्या ऐवजी हनुवटीने पेंढ्यांकडे खूण केली. वीज असताना पाहुणचार कसला. धाकटीने पिशवी खुंटीला अडकवली आणि पेंढ्या उचलून द्यायला लागली. कुट्टीचा भुसा नाकातोंडात जात होता, मानेला खाजत होता, घामावर चिकटत होता. मशीनच्या तोंडावरची लोखंडी जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली होती. आणि ताईच्या पायापाशी एक पेटी उलटी पडली होती. ताई उंच. तिला पेटीवर चढायची काहीच गरज नव्हती, उलट ती पेटी तिच्या नडग्यांना लागत होती, आणि तरी तिला ती बाजूला सारायची सवय झालेली दिसत नव्हती.

ताईची ठमी गोठ्याच्या टोकाला होती. डाव्या हाताने शेण ओढत होती. उजवा हात फ्रॉकच्या खिशात. मावशीला पाहून ती हसली, पण धावत आली नाही.

वीज गेली तसा आवाज बंद पडला आणि गाईंचं रवंथ ऐकू यायला लागलं. धाकटीने ठमीला खाटेवर बसवलं, कोमट पाणी आणलं आणि हळूहळू फडकं भिजवून सोडवलं. मधलं बोट सुजून केळफुलासारखं झालं होतं. नख काळं, कडेने पिवळं. वास तिने ओळखला. तिने तोंड फिरवलं नाही.

"दारात सापडलं," ताई मागून म्हणाली.

ठमी भिंतीकडे बघत होती.

दवाखान्यात का नेलं नाही, असं धाकटीने विचारलं. ताई म्हणाली, बाजारातल्या औषधवाल्याने पूड दिली होती, त्याने बसत आलं होतं, परत चढलं. दवाखान्यात शंभर प्रश्न विचारतात. आणि जायचं कधी, धारा कोण काढणार? ती हे सांगत असताना बादल्या विसळत होती, आणि एकच बादली तिने पुन्हा पुन्हा विसळली.

"ताई, उद्या ऑफिसातून माणसं येणार आहेत."

"कसलं ऑफिस?"

"माझं."

ताईने बादली खाली ठेवली. तेवढ्यात टेम्पो आला. भाऊजी उतरले तेव्हा त्यांची मान उन्हाने तांब्यासारखी झाली होती. पहाटेपासून त्यांची पाठ कुठे टेकलेली दिसत नव्हती. आधी त्यांनी मेहुणीला चहा दिला का म्हणून विचारलं. मग ताईने सांगितलेलं उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. नंतर म्हणाले, आपलं माणूस आत आहे म्हटल्यावर काळजी कसली. ते हसलेही, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मुलं नेतात का गं तुम्ही लोक, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता टेम्पोचा दोर सोडायला लागले.

ताईने ठमीला समोर उभं केलं. उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणाली.

"दारात सापडलं."

"कोणत्या दारात?"

ठमी अडकली. तिने घराचं दार बघितलं. ते लाकडी, हलकं, वाऱ्याने उघडणारं. ती आईकडे बघायला लागली, मग मावशीकडे.

भाऊजी दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "तू सांग की. तुमच्यात काय काय खोदून विचारतात ते तुलाच माहीत."

धाकटीला पुढे कितीदा तरी वाटलं की त्या वेळी आपण उठून चालायला लागायला हवं होतं. पण ठमी बघत होती, ताई बघत होती, आणि तिच्या तोंडून शब्द निघून गेले.

"गोठ्याच्या दारात. लोखंडी आहे ते."

ठमीने ते लगेच उचललं. गोठ्याच्या लोखंडी दारात, म्हणाली. न अडखळता, धडा म्हणावा तसं. ताईने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि चुलीकडे गेली.

सकाळी मोठ्या बाई गाडीत बसायला निघाल्या होत्या. धाकटीने त्यांना दारातच गाठलं आणि म्हणाली की ते माझ्या सख्ख्या बहिणीचं घर आहे. बाईंनी पर्स पुन्हा टेबलावर ठेवली. कधी कळलं तुला, विचारलं. काल, फोनवर तुम्ही म्हणत होता तेव्हाच. मग काल का नाही बोललीस? धाकटीने पुढचंही सांगून टाकलं. संध्याकाळी तिथे गेले होते. तुम्ही येणार हे त्यांना सांगितलं. हात पाहिला, वाईट आहे, मशीनमध्ये गेलाय असं मला वाटतं. ती दार म्हणेल.

"म्हणेल म्हणजे?"

"मीच शिकवलं तिला. लोखंडी दार."

मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सरांना फोन लावला आणि तिच्यासमोरच दोन वाक्यांत सांगितलं. मग सरकारी डॉक्टरला फोन लावून वाटेत तयार राहायला सांगितलं. जाताना म्हणाल्या, तू इथेच बसायचं, तुझा फोन माझ्या टेबलावर ठेव.

धाकटीने फोन ठेवला आणि भिंतीजवळच्या बाकावर बसली. एरवी त्या बाकावर चौकशीला बोलावलेले आईबाप बसायचे. गाडी पोहोचायला लागणारा वेळ गेला आणि फोन वाजायला लागला. आवाज बंद होता, नुसता थरथरत होता. थांबायचा, पुन्हा थरथरायचा, आणि दर वेळी टेबलाच्या कडेकडे थोडा सरकायचा. पडद्यावर ताईचं नाव तिला बाकावरूनही दिसत होतं. कारकून एकदा फोनकडे बघायचा, एकदा तिच्याकडे. शेवटी तोच उठला, फोन पालथा घालून मधोमध ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

सर आले ते घामाघूम होऊन. त्यांनी तिला बाहेर जिन्याखाली नेलं. आवाज दाबून बोलत होते, पण शब्द दाबलेले नव्हते. हा करार विश्वासावर उभा आहे, म्हणाले. आज ज्या घरी ही माणसं गेली, तिथे आधी खबर पोचलेली, आणि ती पोचवणारी माझी विद्यार्थिनी. उद्या कार्यालय म्हणेल, तुमची पोरं नकोत आम्हाला. तुझ्या मागून येणाऱ्यांचं काय? इथलं तुझं काम आजपासून बंद, पदवीचं काय ते विभाग ठरवेल. धाकटी खाली मान घालून ऐकत राहिली. बोलून बोलून सर थकले. मग वेगळ्या आवाजात त्यांनी विचारलं की गप्प राहिली असतीस तर कुणाला कळलंही नसतं. सकाळी का सांगितलंस?

"तिने माझं ऐकलं, सर. मी म्हटलं आणि तिने ते तस्संच म्हटलं."

सर रुमालाने मान पुसत राहिले.

दुपारी निरोप आला की मुलीला मोठ्या दवाखान्यात हलवलंय. विष मनगटाकडे चढायला लागलं होतं. बोटाचं पेर काढावं लागेल, हात वाचेल. ठमीने बाईंना गोठ्याचं लोखंडी दार सांगितलं, डॉक्टरलाही तेच सांगितलं, गुंगीचं औषध देईपर्यंत तेच सांगत राहिली. मोठ्या बाई नंतर धाकटीला एवढंच म्हणाल्या की मला आधी माहीत नसतं तर मी मानलं असतं, इतकं नीट बोलत होती पोर. डॉक्टरने सूज बघून मलमपट्टी केली असती आणि आम्ही परत आलो असतो.

संध्याकाळी धाकटी आईला घेऊन दवाखान्यात गेली. लांबलचक व्हरांड्यात ताई जमिनीवरच बसली होती. चप्पल एका पायात गोठ्यातली, दुसऱ्या पायात घरातली. भाऊजी आले नव्हते, गाई सोडून येणार कोण. आई मध्ये बसायला गेली, पण ताई उठून उभी राहिली.

"तूच शिकवलंस आणि तूच सांगितलंस," ती म्हणाली.

एवढंच. शिवी नाही, रडणं नाही. मग ती आईकडे वळली आणि ठमीचे कपडे आणलेत का विचारायला लागली.

ठमीला घरी सोडलं ते आजीकडे, म्हणजे धाकटीच्याच घरी. बालकल्याण समितीचा निर्णय होईपर्यंत तिने आईबापाकडे राहायचं नाही, असं ठरलं होतं. ताई रोज दुपारी यायची. लेकीची वेणी घालायची, तिला भरवायची, जायची. घर दोन खोल्यांचं, तरी ती धाकटीच्या अंगाला अंग लागू न देता वावरायची. ठमी मात्र दोघींशी बोलायची, आणि पट्टीतला हात कुठे ठेवावा हे न सुचून डोक्यावर ठेवून बसायची.

धाकटीला आता कार्यालय नव्हतं. एके सकाळी ती उठून ताईच्या गोठ्यावर गेली. कुणी बोलावलं नव्हतं. भाऊजी म्हणाले, गरज नाही. तिने झाडू उचलला. भाऊजींनी झाडूकडे बघितलं, गोठ्याकडे बघितलं, आणि टेम्पो चालू करून निघून गेले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. मग रोजच जायला लागली. ताई तिच्याशी बोलायची नाही, गाईंशी बोलायची. तुझ्याखालचं शेण राहिलंय गं, काळे, असं ती गाईला म्हणायची, आणि धाकटी जाऊन काळीच्या खालचं काढायची. तांबडे, तुला पाणी कोण दाखवणार, म्हणायची, आणि धाकटी बादली उचलायची. एकदा गाय बिचारी दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली, तेव्हा धाकटीला हसू फुटलं. ताईने पाठ फिरवली. ती हसली की नाही ते कळलं नाही.

मशीनवर आता धाकटीच उभी राहायची. भाऊजींनी जाळी तारेने घट्ट बांधली होती. जाळी होती म्हणून वाळलेला पाला तोंडाशी अडकायचा. मोटर बंद करायची, काठीने पाला काढायचा, मोटर चालू करायची, पुन्हा अडकायचा. निम्मी वैरण व्हायच्या आत वीज जायची आणि गाई ओरडायला लागायच्या. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. एकदा वीज जाण्याच्या बेतात होती, दिवा मंद व्हायला लागला होता, आणि पाला अडकला. धाकटीने मोटर बंद न करता जाळीच्या कडेने बोटं आत घातली. खटका पडला. मशीन थांबलं. ताई बटणापाशी उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मग ताई निघून गेली आणि धाकटी आपली बोटं मोजावीत तशी बघत राहिली. ती शिकलेली, सावध, मोठी बाई. तिथे पोर काय करणार होतं.

समितीपुढे जायच्या आदल्या संध्याकाळी भाऊजींनी ताईला काय सांगायचं ते सांगितलं. धाकटी शेण भरत होती, तिला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. पोर खेळत खेळत आपणहून मशीनकडे गेली, आपण दोघं कामात होतो, आपल्याला ठाऊक नव्हतं. दाराचं तिने भीतीने सांगितलं. दोघांनी एकच बोलायचं, म्हणजे निभावेल. नाहीतर पोरगी कायमची जाईल, आणि मागून येणारं पोटातलंसुद्धा ठेवू देणार नाहीत हे लोक. ताईला दिवस गेले होते हे धाकटीला तेव्हा कळलं. ताई गाईचं दावं सोडत होती, ते सोडतच राहिली.

समितीपुढे आधी धाकटीला बोलावलं. तिने आपलं सगळं सांगितलं. लोखंडी दारही सांगितलं. सर कोपऱ्यात बसले होते, मोठ्या बाई कागद लावत होत्या. दोघांनीही तिच्याकडे बघितलं नाही. मग तिला बाहेर जायला सांगितलं आणि ताई-भाऊजी आत गेले. आई ठमीला घेऊन अंगणातल्या नळापाशी उभी होती. धाकटीला तिथे थांबवेना. ती रस्त्यावर बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसली. कार्यालयाचं दार तिथून दिसत होतं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. भाऊजी एकटेच बाहेर आले. मागे न बघता टेम्पोत बसले, दार आपटलं आणि निघून गेले. मग ताई आली. तिने रस्त्याकडे बघितलं, टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मग ती थांब्याकडे चालत आली.

"सरक जरा," ती म्हणाली.

धाकटी सरकली. ताई बसली. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून ठेवले.

शाळेचं वर्ष संपेपर्यंत ठमी आजीकडेच राहणार, ताई म्हणाली. मोठ्या बाई येत राहतील, गोठा बघतील, मशीन बघतील. नीट दिसलं तर घरी सोडतील. हे तिने दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगितलं.

"ते म्हणाले, पोर खेळत खेळत गेली. मी म्हटलं, नाही. मीच उभी करायचे तिला तिथे."

धाकटीने तिच्याकडे बघितलं.

"बोट तिचं गेलं," ताई म्हणाली, "आणि चूकही तिचीच?"

पुढे ती हळू आवाजात म्हणाली की आता घरी काय वाढून ठेवलंय ते देवाला ठाऊक. ते मारायचे नाहीत, पण बोलायचेही नाहीत. महिना जाईल, दोन जातील. धाकटी म्हणाली, मी येते सोबत. ताई म्हणाली, गोठ्यापर्यंत ये, घरात नको.

लांबून बस येताना दिसली. ताई उठली, पदर नीट केला. मग आठवल्यासारखं विचारलं की तुझ्या शिक्षणाचं काय झालं. धाकटीने सांगितलं की हे वर्ष गेलं. सर म्हणतात, दुसऱ्या कुठल्या कार्यालयाने घेतलं तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. शब्द देत नाही म्हणाले, विचारून बघतो म्हणाले.

"पुन्हा हेच करणार आहेस?"

"हो."

बस थांबली. ताईने दांडी धरली, एक पाय वर ठेवला आणि वळून बघितलं.

"मग दुसऱ्यांच्या घरी तरी नीट कर," ती म्हणाली, आणि आत चढून बहिणीसाठी जागा धरायला पुढे गेली.